पाचवा कागद

(आखातातल्या सोहार शहरातला एक फ्लॅट. शुक्रवार, संध्याकाळ. प्रतापचं मौन आहे. जे सांगायचं ते तो फोनवर लिहून दाखवतो.)

श्यामला: आणि हे दुसरे सँडल कुणाचे?

जमाल: माझेच, वहिनी. एक जोड मशिदीचा, एक कामाचा.

श्यामला: जमालभाई, तुम्ही याचे रूममेट. सरळ विचारते, तुम्हीही सरळ सांगा. इथे बाई येते?

जमाल: तोबा! वहिनी, इथे धोबीसुद्धा येत नाही आता. यांचे कपडेच चार.

श्यामला: तीन शुक्रवार झाले, हा अल खौदला घरी आला नाही. सोहारहून दोन तास लागतात. आधी म्हणाला प्लांटमध्ये शटडाऊन आहे. मग म्हणाला ताप आहे. पलंग कुठाय याचा?

जमाल: खालच्या मजल्यावर. बंगाली पोरांना दिला.

श्यामला: एसी?

जमाल: बंद. ऑगस्टमध्ये! मी माझ्या खोलीचं दार उघडं ठेवून झोपतो. गार हवा येते इकडे. हे काही बोलत नाहीत. सकाळी दाराजवळच झोपलेले सापडतात.

प्रताप: खोटं आहे.

जमाल: लिहितात बघा कसं पटकन!

श्यामला: प्रताप, इकडे बघ. तू आजारी आहेस? नोकरी गेली का तुझी?

प्रताप: नाही. साधना आहे.

श्यामला: बरं. मग साधकाला एक कागद दाखवते. घरच्या कॉम्प्युटरवर त्याचं स्कॅन सापडलं. मला नाही, देविकाला. फिजिक्सच्या नोट्स शोधत होती. तिला मराठी वाचायला किती वेळ लागतो माहितीये ना? अक्षर अक्षर लावून वाचलंन आणि मला विचारते, "आई, संन्यासाश्रम म्हणजे ओल्ड एज होम का? बाबा का जातायत?" जूनमध्ये रेसिडेंट कार्डाचं काम होतं. तू कागद पाठवलेस, पिवळ्या चिठ्ठ्या लावून. इथे सही, इथे सही. अरबी मला येत नाही, सोळा वर्षं तू चिठ्ठी लावतोस तिथे मी सही करते. देविकाच्या शाळेच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या बॉनेटवर ठेवून केल्या. चार अरबी होते. पाचवा मराठीत होता. तो मी वाचलासुद्धा नाही.

प्रताप: वाचायला हवा होतास.

श्यामला: काय?

जमाल: असं लिहू नका, भाऊ. पुसा ते.

श्यामला: राहू दे. आता मी वाचते. "मी, सौ. श्यामला, लिहून देते की माझे पती प्रताप यांनी संन्यास घेण्यास माझी कोणतीही हरकत नाही." ना हरकत पत्र! कंपनी बदलतोयस का तू?

प्रताप: गुरुजींनी बायकोची लेखी संमती मागितली. नियम आहे.

श्यामला: नियम कशासाठी आहे, ते विचारलंस त्यांना? आणि खाली साक्षीदार कोण? जमाल. दापोलीच्या मराठी शाळेत शिकलेले.

जमाल: …

श्यामला: तुम्ही पण मौनात?

जमाल: वाचला होता मी, वहिनी. तुमची सही आधीच होती. मला वाटलं, तुमचं ठरलंय दोघांचं. वाटलं, काय मोठ्या मनाची बाई! घरी बायकोला, शकीलाला, फोन करून सांगितलं पण. ती म्हणाली, काहीतरी गडबड आहे.

श्यामला: तिला दापोलीत बसून कळलं.

जमाल: आमच्यात रमझानच्या शेवटी एतिकाफ करतात. दहा दिवस मशिदीत, पडदा लावून. दुनियेशी बोलणं नाही. पण ईदचा चांद दिसला की घरी. मी यांना म्हटलं, भाऊ, तसं करा. दहा दिवस बसा. पाहिजे तर चाळीस बसा. तर म्हणतात, परत यायचं असेल तर सोडलं काय?

श्यामला: माझ्या मैत्रिणीची, कुबराची, शेजारीण आहे केरळची. तिची बहीण नन झाली. वर्षानुवर्षं थांबवून ठेवलं तिला, पुन्हापुन्हा विचारलं, नक्की ना? मागच्या वर्षी देविकाच्या जैन मैत्रिणीच्या आत्यानं दीक्षा घेतली. आधी घरच्यांची परवानगी, मग मिरवणूक. आई रडत होती, पण सगळ्यांच्या देखत, पुढे उभी राहून रडत होती. आणि तू? पिवळ्या चिठ्ठीखाली.

प्रताप: विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.

श्यामला: मग तेच उत्तर होतं, प्रताप. कधी जाणार आहेस?

प्रताप: दिवाळीनंतर.

श्यामला: देविकाची बारावी फेब्रुवारीत आहे. तू नोकरी सोडलीस की तुझं कार्ड रद्द. आम्ही दोघी तुझ्या कार्डावर. म्हणजे आमचंही खलास. तू जग सोडणार आणि देश आम्ही सोडायचा. परीक्षा ती कुठे देणार, याचा विचार केलास?

प्रताप: देव बघेल.

श्यामला: देवाच्या नावावर नाहीये तिचा व्हिसा. मूळ कागद कुठे आहे?

जमाल: माझ्याकडे. बुधवारी गावी चाललोय. तिथून नाशिकला, गुरुजींना कुरियर करायला दिलाय. थांबा, आणतो.

प्रताप: जमाल, तो देऊ नकोस.

जमाल: फोन खाली ठेवा, भाऊ. मी वाचत नाही. (कागद आणतो.) हा घ्या, वहिनी. पण आधी पेन द्या. साक्षीदार म्हणजे सही डोळ्यांनी बघणारा. मी बघितली नव्हती. रोजे ठेवतो मी, आणि असल्या कागदावर माझं नाव? ही काट मारली माझ्या नावावर. आता तुमचं तुम्ही बघा. फाडा हवं तर.

श्यामला: फाडणार नाही. फाडला की हा म्हणेल, बायको आडवी आली. आयुष्यभर ते ओझं घेऊन हा इथेच बसेल, एसी बंद करून. नाही. प्रताप, तू मला विचार. तोंडानं. माझ्याकडे बघून.

प्रताप: आज मौन आहे.

श्यामला: कधीपर्यंत?

जमाल: मगरिबपर्यंत. सूर्य मावळला की अजान होते, ती ऐकली की सोडतात. घड्याळ पण दिलं ना यांनी, म्हणून.

श्यामला: अजून किती वेळ आहे?

जमाल: वीस मिनिटं असतील.

श्यामला: मी बसते. इथेच, पलंग होता तिथे.

जमाल: चहा टाकू?

श्यामला: टाका. याला पण.

प्रताप: मी चहा सोडलाय.

श्यामला: बरं.

प्रताप: देविका रडली का?

श्यामला: लिहिलेलं मी वाचणार नाही आता.

जमाल: चहा घ्या, वहिनी. साखर कमी आहे.

श्यामला: चालेल.

(वीस मिनिटं जातात. अजान ऐकू येते.)

जमाल: झाली अजान. मी येतो नमाज पढून. दार ओढून घेतो.

श्यामला: हं, विचार.

प्रताप: …

श्यामला: प्रताप, अजान झाली रे. आता हे मौन कसलं?