दोनशे कुंड्या

प्लास्टर काढायच्या खोलीबाहेर माझ्याशेजारी सासू-सुना बसल्या होत्या. सुनेच्या हातात पांढऱ्या लिलींचा भलामोठा गुच्छ होता.

“डॉक्टर खूश होतील बघ. कुठून आणलास गं?”

“प्रयोगशाळेतून, आई. फुललीत सगळी.”

“मजा आहे तुमची! दिवसभर फुलांत.”

“फुलं नाही लागत आम्हाला. कळ्या लागतात. आतल्या पेशी काढून बशीत वाढवायच्या आणि त्यांची गुणसूत्रं निम्मी कशी होतात ते बघायचं.”

“मग खुडायच्या की कळ्या.”

“नेमक्या वेळेला खुडाव्या लागतात. कळी जरा लहान असली तर पेशी साध्याच विभागतात. जरा मोठी झाली की आतलं सगळं उरकलेलं असतं.”

“बाळंतिणीपेक्षा नखरे हिचे! मग या का नाही खुडल्या?”

“राहून गेलं.”

“इतकी वेंधळी कधीपासून झालीस? कधी खुडायच्या होत्या?”

“झाला महिना.”

“महिना म्हणजे... मी न्हाणीघरात पडले तेव्हा?”

“आई, पाय हलवू नका.”

“दुसऱ्या कुणाला सांगायचंस.”

“मोजून खुडणारी मी एकटीच आहे तिथे.”

“किती होती गं झाडं?”

“दोनशे कुंड्या.”

“आता परत कळ्या कधी?”

“पुढच्या वर्षी.”

नर्सने दार उघडलं. “चला आजी, तुमचा नंबर.”

“आले. तो गुच्छ दे इकडे.”

“मी देते ना डॉक्टरांना.”

“डॉक्टरांना नाही द्यायचा. घरी न्यायचाय.”