तुळशीतले निवडुंग

अरे ऐका ना, गोराईच्या बोटीच्या रांगेत माझ्या पुढेच एक नवरा-बायको उभे होते.

“अक्षता, त्या डब्यात माझे निवडुंग होते.”

“नुसती माती होती, नितेश. वर हिरवे ठिपके. मला शेवाळ वाटलं.”

“तीच रोपं गं. बी पेरून उगवली होती.”

“मग शेजारच्या वहिनींच्या डब्यात कशाला पेरलीस? त्या डबा मागत होत्या. घासला, शिरा भरून दिला. रिकामा देतात का कोणी?”

“आणि माती?”

“तुळशीत घातली.”

“वाट लागली. आई रोज तांब्याभर पाणी घालते तिथे. सगळी कुजतील.”

“मग सांग ना आईंना, तुळशीला पाणी घालू नका म्हणून.”

“तूच सांग ना.”

“मी सून आहे रे. तुला निदान घरात तरी ठेवतील.”