ताईच्या डब्यातली शेवटची नळी

नाही दीदी, फ्रिजपाशी नका जाऊ — इथं बसा, खुर्चीवर — तुमची नळी मीच आणली, मी कुठं नाही म्हणून राहिलो? चोरी म्हणा, काही म्हणा. तो बर्फाचा डबा खाली ठेवा आधी, मांडीवर धरून काय बसल्या, आइस्क्रीम पोचवायला आल्यासारख्या. आई देवळात गेली आहे. तिले यातलं काही माहीत नाही, अन् ती आली की हा विषय बंद, एवढंच माझं मागणं. चहा? नको? बरं आहे, नाहीतरी दूध फ्रिजमध्येच आहे.

मी काही ठरवून नाही केलं. ताईची तेरवी झाली तसा तुमच्या डिपार्टमेंटमधून फोन आला — यामिनी मॅडमचा ॲप्रन अन् चपला पडल्या आहेत, घेऊन जा. गेलो. तुमच्या लॅबमधला दयाराम भला माणूस, माझ्या गळ्यात पडून रडला बिचारा. मग मोठा फ्रीझर उघडून मले म्हणते, ‘देख भैया, तोर दीदी के घलो रखे हन.’ तुझ्या ताईचंही ठेवलं आहे म्हणे. मले वाटलं, फोटो-बिटो असंल. फ्रीझरमध्ये कोण फोटो ठेवते? पण डोकं कुठं जाग्यावर होतं माझं! पाहतो तर ताईच्या थिसिसचा डबा. पेशंटच्या रक्तात सापडलेले जंतू, बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांमध्ये, ओळीनं लावलेले — अन् शेवटची नळी तिच्या स्वतःच्या रक्तातली. नाव नाही, नुसता नंबर. मी म्हटलं, हे मेलं नाही का अजून? तर म्हणते, ‘सोया है भैया, निकालोगे तो उठ जाएगा.’ सांगा दीदी, ज्यानं माझ्या बहिणीले मारलं तो झोपला आहे, अन् उठवला की उठणार — अन् ती? दयाराम तिकडे वळला अन् मी नळी खिशात टाकली. स्कूटरवर घरी येईपर्यंत मांडी बधिर झाली होती.

तुम्ही तिच्या बॅचच्या, तुम्हाले काय सांगायचं? पण घरी ती कशी होती ते तुम्हाले माहीत नाही. आमची नागपूरची काकू टोमणा मारायची — एमडी करून राहिली अन् पेशंट नाही पाहत, मग कसली डॉक्टर? ताई हसायची. ‘काकू, तुमचे मोठे डॉक्टर पेशंट पाहतात, पण त्याले झालं काय हे मलेच विचारायला येतात.’ अन् जेवताना जंतूंच्या गोष्टी! मी आठवी नापास, सदर बाजारात दिवसभर साड्या घडी करणारा, मले काय समजते? पण ती सांगायची — सुशील, प्रत्येकाचा वास वेगळा. एक द्राक्षासारखा, एक उंदरासारखा. तुमचे ते म्हातारे सर म्हणायचे ना, नाक हे पहिलं मशीन? प्लेट पुढं सरकवायचे, झाकण किलकिलं करायचे — सांगा, कोण आहे? अन् पोरी आपल्या वाकून हुंगतात! ताई म्हणायची, पुस्तकात साफ लिहिलं आहे हुंगू नका, पण परीक्षा पुस्तक नाही घेत, सर घेतात. एक दिवस अशी खूश होऊन आली. ‘आज मातीच्या वासाचा मिळाला. धमतरीकडच्या पेशंटचा. मी एकटीनं ओळखला, सर सगळ्यांसमोर वाहवा म्हणाले.’ आईनं त्या दिवशी शिरा केला होता. शिरा, दीदी.

तुम्हीही हुंगली ना तीच प्लेट? खरं सांगा. — मग तुम्हाले काहून नाही झालं? नाही, रडू नका, मी भांडून नाही राहिलो. माहीत आहे मले, तिले लहानपणापासून शुगर, अशा माणसाले तो लवकर धरते. तिलेही माहीत होतं ना! दवाखान्यात टायफॉइड टायफॉइड करत बसले, आपलं शहर एवढं राजधानी झालं, एवढे काचेचे दवाखाने आले — अन् शेवटी सांगितलं कोणी? तुम्ही. लॅबमध्ये, तिच्याच टेबलावर तिचं रक्त तपासून. तोवर ती बोलत नव्हती.

घरी आणली तेव्हा म्हटलं, मारून टाकतो. गॅसवर पाणी ठेवलं, उकळलं, उकळून अर्धं आटलं, अन् मी नळी हातात घेऊन उभाच. काहून? सांगतो काहून. तिचं सगळं जळालं. अस्थी राजिमला संगमात सोडल्या. अन् हा — हा तिच्या रक्तावर वाढला. तिच्यातलं जिवंत आता एवढंच आहे. त्याले कसा मारू? अन् ठेवू तरी कसा? तिथं बसला आहे, मटारच्या पिशवीमागं. स्वयंपाकघरात गेलो की मानेवर कोणी पाहून राहिलं असं वाटते. आईले सांगितलं, फ्रिजमध्ये करंट आहे, हात लावू नको, मी देतो काढून. ती म्हणते, पोट्टा सुधारला.

तुम्ही नेऊन काय करणार? ठेवणारच ना? — हव, वाटलंच होतं. नवी पोरं येतील, त्याले उठवतील, प्लेट लावतील. एक वचन द्या. कोणी हुंगणार नाही. सर म्हणाले तरी नाही. — मान नका हलवू, तोंडानं म्हणा. — बरं. न्या मग. तिचं काम तरी पुरं होईल. अन् तुमच्या सरांना सांगा, मातीचा वास-बास काही नाही त्याले. काहीच नाही. नाकाले नुसतं थंड लागते.

काय झालं? अशा काय पाहून राहिल्या?

हव, उघडली. ज्या दिवशी आणली त्याच दिवशी. झाकण फिरवलं की निघते. मले फक्त पाहायचं होतं — ती एवढी खूश कशानं झाली होती. जरासं वितळू दिलं अन् — अहो, मले कुठं शुगर आहे! हा खोकला? हा बाजारातल्या धुळीचा, दरवर्षीचा. ताप? असंल थोडा, मोजला नाही. फोन कोणाले लावून राहिल्या? मास्क कायले? दीदी, काही बोला ना —

आई! दारातच थांब. चपला नको काढू. नाही, काही नाही झालं, ताईची मैत्रीण आली आहे — प्रसाद राहू दे तिथंच, ओट्यावर ठेव. शेजारी जाऊन बस थोडी. अगं, जवळ नको येऊ म्हटलं ना — जा!