ऑफ म्हंजे काय

'ऑफ' हा शब्द तुमी सहज बोलता, पन आमच्या मानोऱ्याच्या काकूसमोर जरा जपून बोला. काका दवाखान्यात वारले, तवा तिथल्या मानसानं तिले एवढंच सांगितलं होतं, "पेशंट ऑफ झाला."

मागच्या महिन्यात तिनं पुन्याले कंपनीत असलेल्या पोराले, गणेशले, फोन लावला. उचलला त्याच्या मित्रानं.

"गणेश आज ऑफ आहे."

काकू मटकन खाली बसली. मी फोन घेऊन ओरडलो, "ऑफ म्हंजे काय रे?"

"सुट्टी आहे, दादा. कपडे धुतोय तो."

गणेश धावत फोनवर आला; मी फोन काकूच्या कानाशी धरला. "माय, काय झालं?"

काकूले रडू आवरेना. शेवटी म्हनाली, "तू बोलत राह्य."

"काय बोलू?"

"काही बी बोल. पन थांबू नको."