बुरशीला मनाई हुकूम

पूनम : ब्रश खाली नाही ठेवणार मी, काका. डॉक्टर म्हनले, भिंतीवरची ही काळी बुरशीच गणूच्या छातीत चालली. रातभर खोकू लालंय लेकरू.

लक्ष्मणराव : अगं, तू भाडेकरीण हायस, तुला सांगून ठिवलंय. कोर्टाचा हुकूम हाय, जैसे थे! भिंत माझी का माझ्या भावाची, ह्याचा निकाल लागंस्तोवर रंग न्हाई, खिळा न्हाई.

पूनम : भिंत राहू द्या की जैसे थे. मी बुरशी पुसू लालेय.

लक्ष्मणराव : भिंतीवरली बुरशी म्हंजे भिंतच.

सयाजी : दादा, खिडकीतनं शूटिंग चालू हाय बरं! पुरावा पुसून घेतोस व्हय?

लक्ष्मणराव : आले आमचे बंधुराज! कसला पुरावा?

सयाजी : तुझ्या मोरीपासनं निघाली अन् माझ्या हद्दीत शिरली ही बुरशी. अतिक्रमण हाय हे.

लक्ष्मणराव : तुझ्याच टाकीचं पाणी मुरतंय. टाकी नीट कर की!

सयाजी : कशी करू? टाकी ह्याच भिंतीवर हाय. जैसे थे!

पूनम : म्हंजे गळती थांबवायची नाही, अन् बुरशीबी पुसायची नाही?

सयाजी : दिवाळीनंतर तारीख हाय, ताई.

पूनम : बुरशी थांबती का तारखेला? मागच्या महिन्यात वीतभर होती, आता छताला लागली.

सयाजी : वाढली? मग हुकूम मोडला की दादा!

लक्ष्मणराव : कुनी?

सयाजी : बुरशीनं.

लक्ष्मणराव : खरंच की रं. तिलाबी केसमंदी पार्टी करावं लागंल.

सयाजी : वकिलाला फोन लावू?

लक्ष्मणराव : लाव, लाव.

पूनम : निघोजात राहायला आल्यापासून पहिल्यांदा तुमचं दोघांचं एकमत बघितलं. तेबी बुरशीवर!

(आतल्या बाजूला गणू खोकू लागतो. खोकला थांबतच नाही.)

सयाजी : हे... एवढंसं पोर खोकतंय व्हय? भिंतीपलीकडनं मला वाटायचं, दादाच हाय.

लक्ष्मणराव : सयाजी, मोबाइल बंद कर.

सयाजी : केला. आत येतो.

लक्ष्मणराव : पूनम, गणूची गादी आमच्या माजघरात आन.

सयाजी : तुझ्या माजघरात वल हाय, दादा. माझ्या वरल्या खोलीत दिवसभर ऊन असतंय.

लक्ष्मणराव : भाडेकरू माझा हाय!

सयाजी : ऊन माझ्याकडं हाय.

पूनम : अन् कोर्ट काय म्हनल?

लक्ष्मणराव : ...धर सयाजी, गादीचं ते टोक धर. पोरावर कुठं हुकूम हाय?