लाल टिंब चुकलंय

— नाही टीचर, त्या कागदावर मी सही करणार नाही. तुम्ही बसा, चहा घ्या, पदेर आत्ताच पावाचे उंडे देऊन गेलाय, गरम आहेत तोवर एक खा — पण तो कागद आधी पिशवीत घाला. ट्रकचा नंबर पुसायचा म्हणता? का पुसायचा? चोरीचा होता काय? पुढच्या काचेवर लईराईदेवीचा फोटो, बंपरला झेंडूची माळ, आणि बाजूला मी, हा बाबाजी, केस काळे, छाती काढून उभा — तो फोटो सेजलला मीच दिला पेटीतून काढून. माझी नात, माझा ट्रक, माझा नंबर. शनिवारी डिचोलीच्या हॉलात तुम्ही तो पडद्यावर लावणार, सगळा गाव बघणार — बघूदे! कोणी पाठवलं तुम्हाला? कोणी नाही? खरं सांगा. स्वतःहून आलात? पोरीला वर्गात कोण काय बोलेल म्हणून? बरं. मग मघाशी ओरडलो ते मागे घेतो. अर्धंच घेतो.

मी चौथी नापास, म्हणून तुमचं काम मला कळलं नाही असं समजू नका. सातवीच्या पोरांनी पर्यावरणावर कंप्युटरात काहीतरी चितारून आणायचं — हेच ना? बाकीच्यांनी काय आणलं ते दाखवलं मला सेजलनं. बर्फावरचं पांढरं अस्वल! अकरा पोरांची अकरा अस्वलं! अहो, ह्या तालुक्यात कोणाच्या बापानं बघितलंय ते अस्वल? मग तुम्ही तिला म्हणालात, अस्वल सोड, तुझ्या घराजवळ काय होतं आणि आता नाही ते शोध — हे मात्र शहाण्यासारखं बोललात, फोंड्याच्या असूनसुद्धा. पोर महिनाभर दारोदार हिंडली, म्हाताऱ्यांचं डोकं खाल्लं, आणि ते सरकतं चित्र केलं. डावीकडे माझा जुना फोटो, ट्रकच्या मागे आमची पाण्याची झर, झरीवर पोफळी. उजवीकडे तिनं यंदा त्याच जागी उभं राहून काढलेला — लाल मातीचा डोंगर, वर खाण कंपनीनं लावलेल्या अकेशिया, ज्यांच्यावर कावळासुद्धा घरटं करत नाही. मधे एक रेघ. बोटानं रेघ इकडे ओढली की झर येते, तिकडे ओढली की जाते. आजो, ओढून बघ, म्हणाली. ओढली. परत ओढली. दहा वेळा आणली झर, दहा वेळा बुजवली. चहा निवून गेला माझा. बायको, शेवंती, आतून विचारते, काय बघताय इतका वेळ — काय सांगू तिला? काही नाही म्हटलं, पोरीनं बरं केलंय.

बरं केलंय, पण चुकलंय. नंबर नव्हे — नंबराला हात लावायचा नाही! खाली लिहिलंय ते. 'खाण कंपनीने आमची झर बुजवली.' कंपनी, कंपनी, कंपनी! सगळं तिच्या डोक्यावर घातलं की आम्ही गंगेत न्हालेले. अहो, ह्या वाड्यावर बावीस ट्रक होते तेव्हा. बावीस! ज्याच्या घरी सायकल नव्हती त्याच्या दारात ट्रक. तुमच्या त्या शाळेचं छप्पर कोणी घातलं? खाणीच्या पैशानं घातलं, आणि आम्हीच टाळ्या वाजवल्या. आता खाण बंद पडून इतकी वर्षं झाली, तर जो तो म्हणतो, आम्ही नव्हतो, कंपनी होती. कंपनीला काय हात असतात?

आणि चित्राखाली जोडलाय तो नकाशा. नकाशावरचं झरीचं लाल टिंब तर साफ चुकलंय. फणसापाशी ठेवलंय तिनं. सगळे म्हातारे तिला फणसच सांगणार, कारण आंघोळीची तळी फणसाखाली होती. पण पाणी यायचं ते वरून, फणसापासून वीस पावलं वर, काळा कातळ होता त्याच्या भेगेतून. कोण सांगतो म्हणजे? मी सांगतो! अहो, मागचं चाक त्या कातळाला टेकलं की थांबायचं, वीतभर मागे गेलात तर ट्रक उलटा तळीत — सात वेळा मागे घेतला मी तिथं, मला ठाऊक नसणार तर कोणाला —

...

काय बघताय? उंडा खा.

हो. मी. सुटलं तोंडातून, आता गिळता येत नाही. मुकादम म्हणाला होता, टाकाऊ माती पलीकडच्या डंपावर टाका. पलीकडच्या! तिथं ट्रकांची रांग असायची शेवटच्या शेतापर्यंत. जेवणाच्या वेळी सगळे सावलीला बसलेले, मी म्हटलं इथंच टाकतो एक, कोण बघतो. हौदा उचलला. मग दुसरी. दुपारभरात सात खेपा. कोणी सांगितलं नव्हतं मला, टीचर. कंपनीनंसुद्धा नाही. घाई होती. घाई कसली ते आज विचाराल तर आठवत नाही, देवाशपथ आठवत नाही. झर काही ओरडली नाही. नुसती गढूळ झाली, आणि संध्याकाळी थांबली.

ती भिंतीवर काठी दिसते? रंगीत गोंड्यांची? ते माझं बेत. मी धोंड होतो, देवीचा व्रतकरी, एकवीस वर्षं. लईराईच्या जत्रेआधी व्रत धरायचं, त्याच झरीवर आंघोळ, तिथंच चूल, आपलं आपण रांधून खायचं, आणि मग शिरगावला जाऊन निखाऱ्यांवरून चालायचं. एकवीस वर्षांत पायाला फोड नाही आला! आता धोंड टँकरच्या पाण्यानं बाल्दीतून आंघोळ करतात. मी जात नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगतो. गुडघ्यांना काय धाड भरलीय? त्या तळीत मी माती ओतली, आणि कुठल्या पाण्यानं अंग धुऊन देवीसमोर उभा राहू? शेवंतीला कळलंय. कधी बोलली नाही. दरवर्षी जत्रेआधी बेत खाली काढते, धूळ पुसते, परत खिळ्याला लावते — माझ्याकडे बघत नाही.

नको, समजूत घालू नका. वयाचा मान नको आणि दया तर अजिबात नको. तुम्ही पुसा-पुसी शिकवू नका तिला, एवढंच मागतो. त्या वाक्यात काय बदलायचं ते तिचं ती ठरवील — तुम्ही सांगायचं नाही, मीही नाही. सगळं सांगितल्यावर बोलणार नाही माझ्याशी? नको बोलू दे. वर्षभर नको बोलू दे. पण हॉलात उभी राहून पोर खोटं वाचणार, आणि मी पहिल्या रांगेत बसून ऐकणार? ते होणार नाही.

ती बघा, आली. सायकल टेकली अंगणाच्या गडग्याला. निघा तुम्ही टीचर, निघा. चहा राहिला तर राहिला. तिला काही बोलू नका, नुसतं हसा आणि जा.

सेजल! दप्तर ठेव तिथं, चपला काढू नकोस गे बाय. तो नकाशावाला मोबाईल घे. टिंब चुकलंय तुझं, चल दाखवतो. — नको, तू पुढे जाऊ नकोस. मी पुढे चालतो.