नमुना क्रमांक सदतीस

...आणि कोथिंबीर तरी किती खायची हो माणसानं? सोमवारी कोथिंबिरीच्या वड्या, मंगळवारी चटणी, बुधवारी परत वड्या, गुरुवारी तर आमच्या मातोश्रींनी कोथिंबिरीचा भात केला! आणि तक्रार करायची सोय नाही, कारण ती आणली कुणी? मीच! रोज एक जुडी! कशासाठी? तर प्रवासाला हेतू हवा म्हणून!

हसताय? हसा. तुमच्या घरात कुणी पीएचडी करत नाही, म्हणून हसताय.

तुम्हाला सांगतो, आमची अरुंधती, म्हणजे आमची बायको, पीएचडी करते. विषय काय, तर चाकण पट्ट्यात नोकरीला जाणारी माणसं कशी जातात, कशी येतात, वाटेत कुठं थांबतात. आता यात शोधायचं काय? कशी जातात, तर रडत! कशी येतात, तर रखडत! मी राहायला आकुर्डीला, नोकरी महाळुंग्याला, एका कंपनीच्या डिस्पॅचमध्ये, मी एका ओळीत प्रबंध लिहून दिला असता. पण नाही, तिला डेटा पाहिजे. डेटासाठी नमुने पाहिजेत. नमुना म्हणजे काय, तर ज्याच्या फोनमध्ये तिचं ते अ‍ॅप टाकायचं तो माणूस. लोक टाकून घेतात आणि दोन दिवसांत काढून टाकतात. मग तिच्या गाईड, मंजुषा मॅडम, असा चष्मा नाकावर आणून, "अरुंधतीऽ, नमुने गळतायत हं... असंच चाललं तर वर्ष वाढेल." वर्ष! म्हणजे आणखी वर्षभर आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशे, आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन! मी घाबरून म्हणालो, टाक बाई, माझ्या फोनमध्ये टाक. झालं. नमुना क्रमांक सदतीस! आई म्हणाली, "त्यात नवीन काय, त्यो ल्हानपनापासूनच नमुना हाय."

बरं, ते अ‍ॅप करतं काय? तुम्ही कुठंही जरा थांबलात की टुंग! 'आपल्या थांब्याचा हेतू काय?' घरात मला 'तू', अ‍ॅपमध्ये 'आपण'! तळवड्याच्या चौकात कंटेनर आडवा, त्याच्यामागे बस, बसमागे टेम्पो, टेम्पोमागे मी... टुंग! हेतू काय? अरे हेतू कसला, अडकलोय! पण 'अडकलोय' असा पर्यायच नाही. काम, शिक्षण, खरेदी, आरोग्य, धार्मिक, सामाजिक, इतर. निवडा! आणि गंमत बघा, दिवसभर कंपनीत मी तेच करतो. समोर पडद्यावर ट्रक, एखादा थांबला की मी फोन लावणार, "गणराज, गाडी का थांबली?" तो बिचारा, "साहेब, लघवीला थांबलोय, ते बी लिहिणार का?" आता संध्याकाळी तोच पडदा आमच्या घरात, आणि त्यावर ट्रक म्हणून मी!

आता खरी भानगड सांगतो. कुणाला बोलू नका.

आकुर्डी स्टेशनच्या मागं एक रस्ता आहे. भिंतीला लागून शिरीषाचं झाड. घर तिथून हाकेच्या अंतरावर. मी रोज परत येताना तिथं गाडी लावतो, काचा वर करतो, आणि बसतो. काय करतो? काही नाही! फोन नाही, गाणी नाही, सिगारेट नाही. कंपनीतला सुरेंद्र संपलेला असतो, घरचा अजून सुरू व्हायचा असतो. तेवढ्या वेळात मला कुणी काही मागत नाही, कुणी काही विचारत नाही. दिवसभरात तेवढंच माझं आहे हो! तेवढं गेलं तर मी जायचं कुठं? आणि नेमकं तिथंच... टुंग! हेतू काय?

पहिल्या दिवशी घाबरून 'खरेदी' दाबलं. घरी पोचलो तर अरुंधती दारात, "खरेदी केलीस? काय आणलंस?" दुसऱ्या दिवसापासून कोथिंबीर सुरू. कोथिंबिरीचा वीट आला म्हणून 'धार्मिक' दाबलं. आईच्या डोळ्यांत पाणी! "सुरेंद्र रोज देवाला जातूय! आरं, मग परसाद कुठाय?" आता प्रसादासाठी देवळात जायला लागलं, देवळात रांग, रांगेत माझी बसायची वेळ खलास! मग 'आरोग्य' दाबलं. तर अरुंधती मला हाताला धरून डॉक्टरकडे. रक्त काढलं, ईसीजीची पट्टी काढली, साखर बंद केली. एवढं सगळं का, तर मी झाडाखाली बसलो! शेवटी वैतागून 'सामाजिक' दाबलं. तिनं एकदा नकाशाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि अगदी शांत आवाजात विचारलं, "तिथं कोण राहतं?"

म्हटलं, कुणी नाही गं! "बायको म्हणून नाही विचारत, संशोधक म्हणून विचारतेय." आता तुम्हीच सांगा, बायकोला समजावता येतं, संशोधकाला काय समजावणार? म्हणून उरलं 'इतर'. ते दाबलं तर खाली चौकट, 'कृपया स्पष्ट करा'. मी लिहिलं, 'काही नाही'. अ‍ॅप म्हणतं, उत्तर फार लहान आहे. मी लिहिलं, 'काही म्हणजे काहीच नाही हो आईशप्पथ'. घेतलं! हिरवी खूण आली!

ते वाचून ती आली. खुर्ची ओढून समोर बसली. मी सगळं सांगून टाकलं. झाड, काचा, सगळं. वाटलं, आता चिडणार, घर एवढं नकोसं झालं का म्हणणार. तर म्हणाली, "मीसुद्धा लिफ्टमधून उतरते ना, तर बेल न वाजवता जरा उभी राहते दाराशी. आत सगळे चांगलेच आहेत रे... तरी उभी राहते. तुझ्याकडे निदान गाडी तरी आहे." तुम्हाला सांगतो, गलबलून आलं मला. एवढी वर्षं एका छपराखाली, आणि मी झाडाखाली, ती दाराबाहेर! मी भावनेच्या भरात म्हणालो, "उद्या तूही ये तिथं."

इथं चुकलो! भावनेच्या भरात माणसानं गप्प बसावं!

पहिल्या दिवशी ती चालत आली, शेजारी बसली, दोघंही बोललो नाही, काय सुख वाटलं म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी म्हणाली, इथं काय शांत आहे, आणि लॅपटॉप उघडला. मग टेबलावरचे नकाशे मागच्या सीटवर आले, नकाशांबरोबर ती मागच्या सीटवर गेली. आईला कळलं. "मलाबी न्या की! घरात येकटीनं भिताडं बघत बसू का?" आईचे गुडघे दुखतात, त्यामुळं आई पुढच्या सीटवर. आणि आई रिकाम्या हातानं कधी कुठं गेलीय? मटारची पिशवी घेऊन आली! आता माझं चित्र डोळ्यांसमोर आणा. मागं नकाशे, शेजारी आई, स्टीअरिंगवर ताट, आणि मी मटार सोलतोय. टुंग! हेतू काय? काय लिहू? मटार?

प्रेमाची माणसं आहेत हो, नाही म्हणत नाही मी. पण जीव गुदमरतो त्याला काय करू? म्हणून परवा मी निगडीच्या अलीकडे ट्रकच्या एका बंद पडलेल्या वजनकाट्यामागं गाडी घातली. जरा वेळच. पुढच्या झाडाखाली सगळे वाट बघतायत, तिथं पोचायच्या आधी आपलं... श्वास घ्यायला. फोन सीटखाली कोंबला, वरून नॅपकिन टाकला. आतून, टुंग!

आकुर्डीला पोचलो, मटारचं ताट मांडीवर घेतलं, तेवढ्यात मागून किंचाळी. "सुरेंद्रऽ! वजनकाट्यामागं! थांब्याआधीचा थांबा!" मी म्हटलं, आता भांडण. कसलं भांडण! आनंदानं तिचे डोळे भरून आलेले! लगेच फोन लावला, मंजुषा मॅडम स्पीकरवर, "अरुंधतीऽ, हे कुणालाच सापडलेलं नाही! घाई करायची नाही हं आता. वर्ष वाढवून घेऊ. आणि तो सदतीस नंबरचा नमुना, त्याला सोडू नकोस!"

मी आईकडं बघितलं. म्हटलं, निदान आई तरी लेकाच्या बाजूनं काही बोलेल. आईनं एक शेंग फोडली, दाणे ताटात टाकले, आणि विचारलं,

"त्या वजनकाट्याला सावली हाय का रं?"

आता उद्यापासून तिकडे. उद्या गवार आहे.